दोन वह्यांचं शहर: दक्षिण आफ्रिकेतल्या नगरपालिका हिशेबातून वाचताना

1995 च्या जुलैपासून प्रिटोरियातल्या वॉकर नावाच्या एका गोऱ्या रहिवाशाने नगरपालिकेचं पाण्याचं आणि विजेचं पूर्ण बिल भरणं बंद केलं. त्याची तक्रार साधी होती. त्याच्या भागात घराघरात मीटर होते आणि मीटरप्रमाणे बिल येत होतं. त्याच नगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या अ‍ॅटरिजव्हिल आणि मामेलोडी या काळ्यांच्या वसाहतींत मात्र प्रत्येक घराला एकच ठोक रक्कम लावली जात होती, आणि ती कमी होती. शिवाय तिथल्या थकबाकीदारांवर कुणी दावे लावत नव्हतं, आणि त्याच्यावर लावत होतं. ‘वंशभेद संपला म्हणता, मग हा भेदभाव नाही का?’ असा त्याचा सवाल. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि 1998 च्या फेब्रुवारीत निकाल लागला.

निकाल काय लागला ते पुढे सांगते. आधी तुम्ही स्वतः विचार करून बघा, न्यायाधीश असता तर काय म्हणाला असता? घाई केलीत तर चुकाल, कारण या बिलामागे जवळजवळ शंभर वर्षांचा हिशेब आहे.

वंशभेद म्हटलं की आपल्याला पटकन काय आठवतं? वेगळे बाक, वेगळ्या बस, ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या. फार तर मताधिकार. पण तुम्ही स्थानिक स्वराज्य संस्थांवर संशोधन करणार असाल, तर माझा आग्रह राहील की आधी जमाखर्चाची वही उघडा. दक्षिण आफ्रिकेत शहराची फाळणी नकाशावर दिसते, कायद्यात दिसते, पण ती टिकली ती हिशेबाच्या वहीमुळे. आणि कायदे रद्द झाल्यावरही जे उरलं, तेही त्या वहीमुळेच उरलं.

प्लेग आणि मैलापाणी

सुरुवात इतकी सरळ वाईट नव्हती. केप वसाहतीत 1836 च्या अध्यादेशाने नगरमंडळं आली, तेव्हा मतदार ठरायचा तो मालमत्तेवर. कागदावर वर्णाचा उल्लेख नव्हता. अर्थात मालमत्ता कुणाकडे होती हे वेगळं सांगायला नको. तरी ही केपची परंपरा पुढे बराच काळ रेंगाळली. तिथल्या कलर्ड, म्हणजे मिश्रवंशीय, लोकांना पालिकेच्या मतदारयादीतून पूर्ण बाहेर काढलं गेलं ते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. उत्तरेला ट्रान्सवालमध्ये असा आडपडदा नव्हता. 1885 च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई लोकांना ठरवून दिलेल्या मोहल्ल्यांबाहेर जमीन घेता येईना, आणि त्यासाठी पुढे केलेलं कारण होतं ‘आरोग्य’.

हा शब्द लक्षात ठेवा. मी मुळात सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे इथे थोडी जास्त रेंगाळते.

1896 मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात जो प्लेग आला, त्याच जागतिक साथीचा फेरा 1901 मध्ये केपटाउनच्या बंदरात पोचला. साथीत सगळ्या वर्णांची माणसं आजारी पडली. पण सहा-सात हजारांच्या घरात माणसं उचलून शहराबाहेर उइटव्ह्लुख्ट इथे नेली गेली ती आफ्रिकी. ती वसाहत म्हणजे पुढचं न्दाबेनी. तीन वर्षांनी जोहान्सबर्गमध्ये तेच झालं, जरा वेगळ्या वाटेने. तिथे भारतीयांची वस्ती, सरकारी भाषेत ‘कुली लोकेशन’, नगरपालिकेने 1903 मध्ये ताब्यात घेतली. मालक होते ते भाडेकरू झाले. नवी जागा तयार नसल्याने त्यांना तिथेच ठेवलं. पालिका आता घरमालक होती, पण सफाई आधीपेक्षा बिघडली आणि दाटी वाढली. गांधीजींनी 1904 च्या फेब्रुवारीत पालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. पोर्टर यांना पत्र लिहून सांगितलं की अशाने साथ येईल. मार्चमध्ये प्लेग आला. गांधीजी, मदनजीत व्यावहारिक, डॉ. गॉडफ्रे यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून 23 रुग्णांची तिथे सोय केली, हा प्रसंग तुम्ही ‘सत्याचे प्रयोग’मध्ये वाचला असेल. तिथे आपण तो सेवेचा प्रसंग म्हणून वाचतो. पालिकेच्या इतिहासात तो दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा आहे: वस्ती रिकामी करून जाळली गेली आणि माणसं क्लिपस्प्रुइटला हलवली. क्लिपस्प्रुइट कुठे? शहराच्या नैर्ऋत्येला, पालिकेच्या मैलापाण्याच्या शेतीला लागून. भारतीयांची ती सोय तात्पुरती होती. आफ्रिकी माणसं मात्र तिथेच राहिली, आणि आज आपण ज्याला सोवेटो म्हणतो त्याचं बीज तिथे पडलं.

म्हणजे आरोग्यासाठी माणसांना हलवायचं, आणि हलवायचं कुठे, तर मैल्याशेजारी!

आता शास्त्र काय सांगत होतं ते बघा. प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो असं पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीतल्या प्रयोगांवरून मांडलं होतं. ते सर्वमान्य झालं 1905 नंतर मुंबईत झालेल्या प्लेग कमिशनच्या कामानंतर. म्हणजे 1901 आणि 1904 मध्ये अधिकाऱ्यांच्या हातात पक्कं उत्तर नव्हतं हे खरं. पण उत्तर मिळाल्यावर निर्णय बदलले का? नाही. न्दाबेनी आणि क्लिपस्प्रुइटची माणसं परत आली नाहीत. इतिहासकार मेनार्ड स्वॉन्सन यांनी 1977 च्या एका लेखात या सगळ्याला ‘स्वच्छतेचं सिंड्रोम’ असं नाव दिलं. रोगाची भाषा आणि वंशाची भाषा एकमेकींत अशी मिसळली की आरोग्य खात्याचा अहवालच शहररचनेचा आराखडा झाला. विज्ञान शाखेतून सामाजिक विषयाकडे वळणाऱ्यांनी हा लेख जरूर मिळवून वाचावा. त्यातलं सगळं पटेलच असं नाही. मला वाटतं, त्यात भीतीला जितकं वजन दिलंय तितकं पैशाला दिलेलं नाही.

बिअरवर चालणारं प्रशासन

पैशाचं काय, ते बघायचं तर डरबनला चला. माणसं शहराबाहेर ठेवायची, पण बंदरावर आणि घरकामाला ती हवीत. मग त्यांच्यासाठी बराकी लागणार, नळ लागणार, पोलीस लागणार. याचा खर्च कोण करणार? गोरे करदाते म्हणाले, आम्ही नाही. नाताळमध्ये 1908 साली कायदा झाला आणि डरबन पालिकेने ज्वारीची पारंपरिक बिअर गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. जी बिअर झुलू बायका घरी करून विकत, ती आता बेकायदा. पालिकेची स्वतःची बिअरगृहं सुरू झाली आणि त्या नफ्यातून आफ्रिकी लोकांच्या वसाहतींचा आणि त्यांच्यावरच्या पहाऱ्याचा खर्च निघू लागला. म्हणजे मजूर पितो, त्या पैशातून त्याची बराक बांधली जाते आणि त्याच पैशातून त्याचा पास तपासणाऱ्याचा पगार होतो. ‘डरबन पद्धत’ म्हणून ही युक्ती इतर पालिकांनीही उचलली.

लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. 1929 मध्ये डरबनच्या बिअरगृहांवर बहिष्कार पडला, दंगल झाली. 1959 मध्ये केटो मॅनरच्या बायका बिअरगृहांत शिरल्या आणि पिणाऱ्या पुरुषांना बाहेर काढलं. आपल्याकडच्या दारूबंदीच्या चळवळींशी याची तुलना करायचा मोह होईल, पण जरा थांबा. त्या बायकांचं भांडण दारूशी नव्हतंच मुळी. त्यांच्या हातचा धंदा पालिकेने काढून घेतला होता.

1922 मध्ये स्टॅलर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने तत्त्वच सांगून टाकलं. शहर ही गोऱ्यांची निर्मिती, आफ्रिकी माणसाने तिथे यायचं ते गोऱ्यांच्या गरजेपुरतं, आणि गरज संपली की निघून जायचं. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, नागरी क्षेत्र कायदा आला. पुस्तकांत या कायद्यातली दोन कलमं ठळक असतात: वेगळ्या वसाहती आणि सल्लागार मंडळं. मंडळं नावाप्रमाणे सल्ला द्यायची, तो ऐकायचं बंधन कुणावर नव्हतं. पण संशोधक म्हणून तुमचं बोट तिसऱ्या तरतुदीवर थांबायला हवं. प्रत्येक पालिकेने आफ्रिकी वसाहतींसाठी स्वतंत्र महसूल खातं ठेवायचं. वसाहतीतलं भाडं, दंड, परवाना शुल्क, बिअरचा नफा हे सगळं त्या खात्यात जमा, आणि वसाहतीवरचा खर्च त्यातूनच.

वाचायला किती न्याय्य वाटतं नाही? ‘त्यांचा पैसा त्यांच्यावरच खर्च करा.’ पण शहराचा खरा पैसा कुठे होता बघा. दुकानं, कचेऱ्या, कारखाने, गोदामं सगळी गोऱ्या भागात. वसाहतीत उद्योग काढायला मज्जाव. आफ्रिकी मजूर दिवसभर राबायचा त्या कारखान्याचा कर गोऱ्यांच्या वहीत, तो पगारातून किराणा घ्यायचा त्या दुकानाचा करही गोऱ्यांच्या वहीत. त्याच्या वहीत उरायचं त्याच्याच खोलीचं भाडं आणि त्याच्याच पेल्यातली बिअर. 1940 च्या दशकात सोवेटोच्या ओरलँडो भागात जोहान्सबर्ग पालिकेचं वीजकेंद्र सुरू झालं. त्याची वीज शहराला जायची. शेजारच्या घरांत कित्येक दशकं मेणबत्त्या आणि कोळशाच्या शेगड्याच होत्या.

भारतीयांची आणि कलर्ड लोकांची वाट थोडी निराळी. नाताळमध्ये भारतीयांना 1896 मध्ये संसदीय मताधिकाराची दारं बंद झाली होती, 1924 च्या अध्यादेशाने नगरपालिकेचीही झाली. 1950 च्या गट क्षेत्र कायद्याने त्यांच्या वस्त्या ठरवून दिल्या आणि 1962 च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी सल्लागार समित्या, मग व्यवस्थापन समित्या, आणि त्यातून कधीतरी स्वतंत्र पालिका असा जिना दाखवला गेला. तो पूर्ण चढली ती डरबनजवळच्या व्हेरुलमसारखी मोजकी भारतीय गावं. बाकी बहुतेक समित्या सल्ला देत बसल्या.

इथे संशोधनाची एक व्यवहारातली गोष्ट सांगते. अभिलेखागारात किंवा ऑनलाइन सूचीत शोध घेताना एकच शब्द टाकून चालत नाही. ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांना सरकारी कागदांत आधी ‘नेटिव्ह’, मग ‘बांटू’, मग ‘ब्लॅक’ म्हटलंय. खात्याची नावंही तशीच बदलत गेली. 1978 मध्ये तर काही काळ त्याचं नाव ‘अनेकविध संबंध खातं’ असं होतं! 1923 ते 1983 असा सलग अभ्यास करायचा असेल तर आधी या नावांचा तक्ता करून भिंतीवर लावा.

अधिकार दिले, पैसा दिला नाही

1961 च्या कायद्याने सल्लागार मंडळांच्या जागी नागरी बांटू परिषदा आणायचं ठरलं. इंग्रजीत त्यांची आद्याक्षरं यू.बी.सी.; सोवेटोतल्या लोकांनी त्याचा अर्थ लावला ‘यूसलेस बॉइज क्लब’. 1971 च्या कायद्याने मोठा बदल झाला: वसाहती गोऱ्या पालिकांकडून काढून केंद्र सरकारने नेमलेल्या 22 प्रशासन मंडळांकडे दिल्या. काही पालिका पदरचे चार पैसे वसाहतीवर घालत, तेही बंद झालं. मंडळांनी आपलं पोट आपण भरायचं. म्हणजे भाडं आणि बिअर. 16 जून 1976 ला सोवेटोत विद्यार्थी रस्त्यावर आले ते आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध, हे आपल्याला माहीत असतं. पण त्यांनी जाळलं काय, ते बघा: मंडळाच्या कचेऱ्या, बिअरगृहं, दारूची दुकानं. शाळकरी मुलांना पालिकेचा जमाखर्च पाठ होता असं मी म्हणणार नाही, पण कुणाचा पैसा कुठून येतो याची जाण त्यांना होती.

त्यानंतर सरकारने एकापाठोपाठ एक सुधारणा केल्या. 1977 मध्ये समुदाय परिषदा. 1978 च्या सोवेटोतल्या निवडणुकीत मतदान सुमारे 6 टक्के. 1982 मध्ये कृष्णवर्णीय स्थानिक प्राधिकरण कायदा. हा कायदा मूळ संहितेत वाचाल तर चकित व्हाल. वसाहतींच्या परिषदांना गोऱ्या पालिकांसारखेच जवळजवळ सगळे अधिकार! महापौर, समित्या, सगळं काही. 1983 मध्ये सोवेटोत मतदान सुमारे 11 टक्के.

परीक्षेतलं उत्तर इथे बहुधा ‘संसदेत मत नव्हतं म्हणून लोकांनी पालिकेवर बहिष्कार टाकला’ असं असतं. ते बरोबरच आहे. त्याच 1983 च्या घटनेने भारतीय आणि कलर्ड लोकांना संसदेत वेगळी सभागृहं दिली आणि आफ्रिकी बहुसंख्येला काहीच नाही, हा संताप होताच. पण त्याने भडका नेमका कुठे आणि कधी उडाला हे समजत नाही. नव्या परिषदांकडे कर लावण्याजोगी मालमत्ता नव्हती. बिअरगृहं 1976 ला जळाली होती आणि उरलेला दारूचा धंदा खासगी हातांत जात होता. मग महापौरांनी करायचं काय? भाडं वाढवलं. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला व्हाल नदीजवळ लेकोआ नगर परिषदेने भाडेवाढ जाहीर केली आणि 3 सप्टेंबर 1984 ला शार्पव्हिल, सेबोकेंग या वसाहती पेटल्या. शार्पव्हिलचे उपमहापौर जेकब डलामिनी यांना जमावाने त्यांच्या घरापाशी ठार मारलं. पालिकेचा उपमहापौर भाडेवाढीवरून जिवानिशी जातो, हे वाक्य पुन्हा वाचा. ते काळे होते, तिथलेच होते. साठ वर्षांपूर्वी गोऱ्या अधिकाऱ्यांनी वेगळ्या काढलेल्या वहीतला तोटा भरून काढायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्यांना सहानुभूती दाखवा असं मी म्हणत नाही. पण त्यांना नुसते ‘हस्तक’ म्हणून मोकळं झालात तर रचना दिसायची राहून जाईल.

भाडं न भरण्याची चळवळ तिथून पसरली. सोवेटोत ती 1986 मध्ये सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. तिची मागणी सुरुवातीला ‘भाडं कमी करा’ अशी होती. हळूहळू, वकील आणि अभ्यासकांच्या मदतीने, सोवेटोच्या नागरी संघटनेने हिशेब मांडला की जोहान्सबर्गच्या व्यापारी कराचा मोठा भाग आमच्या श्रमातून आणि खरेदीतून येतो. मग थकबाकी नेमकी कुणाची कुणाकडे? त्यातून घोषणा आली: एक शहर, एक करपाया. राजकीय घोषणेत ‘करपाया’ असा रुक्ष शब्द यावा, यातच सगळं आलं. 1990 च्या सप्टेंबरमध्ये सोवेटो करार झाला, थकबाकी माफ झाली आणि एकत्र महानगरासाठी बोलणी सुरू झाली. मंडेला तुरुंगातून सुटून तेव्हा फक्त सात महिने झाले होते. देशाच्या पातळीवरची घटना ठरायच्या कितीतरी आधी शहराच्या पातळीवर वाटाघाटी चालू होत्या.

एक वही करताना

1993 च्या संक्रमण कायद्याने स्थानिक संस्थांचे तीन टप्पे ठरवले. पहिल्या टप्प्यात जुने नगरसेवक आणि चळवळीचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे नेमायचे. मग निवडणूक, पण तीही तडजोडीची: 60 टक्के जागा प्रभागांतून आणि 40 टक्के पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. प्रभागांपैकी निम्मे जुन्या काळ्या वसाहतींत, निम्मे उरलेल्या शहरात, लोकसंख्या कितीही असो. ‘एक माणूस, एक मत’ जिंकल्यानंतर दीड वर्षाने पालिकेत गोऱ्या, भारतीय आणि कलर्ड भागांना हे झुकतं माप मिळालं. बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर 1995 ला मतदान झालं.

आणि आता वॉकरकडे येऊ. तो बिल थांबवून बसला होता तो नेमका याच काळात. न्यायालयाने त्याचं म्हणणं दोन भागांत तोडलं. ठोक दर आणि मीटरचा दर हा भेद वंशाच्या रेषेवरच पडतो, हे मान्य. पण तो अन्यायकारक नाही. वसाहतीत मीटरच नव्हते, ते बसवणं चालू होतं, तोवर दुसरा मार्ग नव्हता. मात्र थकबाकीची वसुली फक्त जुन्या प्रिटोरियातच करायची, आणि तेही नगरसेवकांनी ठरवलेलं नसताना अधिकाऱ्यांनी परस्पर, हा अन्यायकारक भेदभाव. म्हणून बिल बुडवायचा हक्क वॉकरला मिळतो का? नाही, बिल भरावंच लागेल. न्यायमूर्ती सॅक्स यांना वसुलीबद्दलचा भागही पटला नाही, त्यांनी वेगळं मत नोंदवलं. दोन्ही मतं शेजारी ठेवून वाचा. पद्धतिशास्त्राच्या तासाला जे शिकवतात त्यापेक्षा जास्त शिकाल.

जोहान्सबर्गच्या श्रीमंत सँडटन भागानेही 1996 मध्ये वाढीव मालमत्ता कर भरायला नकार दिला. दहा वर्षांपूर्वी सोवेटोने उपसलेलं हत्यार आता सँडटनच्या हातात! 1998 मध्ये न्यायालयात त्यांचं अपील टिकलं नाही. 2000 च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीच्या आधी सीमा नव्याने आखल्या गेल्या, 843 पालिकांच्या 284 झाल्या, आणि श्रीमंत उपनगर आणि त्याला मजूर पुरवणारी वसाहत एकाच पालिकेत आली.

म्हणजे वही एक झाली. पण पानं? सोवेटोतल्या फिरी भागात घरटी ठोक दराची जुनी पद्धत चालू होती. जोहान्सबर्ग पालिकेने ती 2004 पासून मोडून आगाऊ पैसे भरायचे मीटर बसवले. महिन्याला 6,000 लिटर पाणी फुकट, पुढे पैसे भरेपर्यंत नळ बंद. आठ माणसांचं घर धरलं तर माणशी रोज 25 लिटर होतात. फिरीच्या काही अंगणांत आठपेक्षा पुष्कळ जास्त माणसं राहत होती. रहिवासी न्यायालयात गेले. खालच्या दोन न्यायालयांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो फिरवला आणि पालिकेचं धोरण वाजवी ठरवलं. सँडटनसारख्या उपनगरांत तेव्हाही आधी पाणी वापरायचं आणि महिन्याअखेरीस बिल भरायचं, हीच पद्धत होती.